कापसाचा बोळा आणि कानाचे गणित

दसरा-दिवाळी उलटली की मराठवाड्यातील रस्त्यांवर कापसाने भरलेली वाहने दिसू लागतात. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावातून निघालेला कापूस शेवटी पोचतो तो जिनिंगच्या कारखान्यात. तिथे सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. उन्हाळा लागेपर्यंत हा हंगाम चालतो. शेतातील कामे आटोपलेली अनेक माणसे या काळात जिनिंगवर कामाला जातात. तुमच्यापैकी काहींचे वडील, काका किंवा मोठे भाऊही जात असतील.

पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने जिन लावलेले असतात. ते सुरू झाले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. अशा वेळी कामगार एक सोपा उपाय करतो. रुई तर हाताशीच असते. तिचा बोळा करून तो दोन्ही कानांत कोंबतो आणि कामाला लागतो. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो आणि कान वाचला असे त्याला वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, खरेच कान वाचतो का? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते तसे का आहे, हे समजून घेण्यासाठी फार अवघड विज्ञान लागत नाही. ध्वनीचा धडा आणि थोडे गणित एवढे पुरते.

जिनमध्ये एवढा आवाज का होतो?

आपल्याकडे प्रामुख्याने रूळाचे जिन वापरतात. त्यात चामड्याचा खडबडीत पृष्ठभागाचा रूळ फिरत असतो. कापसाचे तंतू त्याला चिकटतात आणि एका स्थिर सुरीखाली ओढले जातात. सरकी जाड असल्यामुळे सुरीपाशी अडते. तेवढ्यात दुसरी, पुढेमागे हलणारी सुरी तिला ठोसे देते आणि ती तंतूंपासून सुटून खाली पडते. हे ठोसे मिनिटाला शेकडो वेळा बसतात. प्रत्येक ठोशासरशी लोखंडी सांगाडा थरथरतो, आणि थरथरणारा पत्रा म्हणजे एक मोठा नगाराच. एका शेडमध्ये असे कितीतरी जिन, त्यांच्या मोटारी, पट्टे आणि रुई वाहून नेणारे पंखे एकाच वेळी चालू असतात. वरचे पत्रे आणि सिमेंटची जमीन यांवरून ध्वनी परत परत आपटतो. त्यामुळे यंत्रापासून चार पावले दूर गेले तरी आवाज फारसा उतरत नाही.

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील जळगाव जिल्ह्यात १० जिनिंग कारखान्यांचा अभ्यास झाला होता. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. कामगारांच्या कानावर सतत पडणारा आवाज ८९ ते १०६ डेसिबल एवढा आढळला. कामगारांची श्रवणचाचणी घेतली, तेव्हा त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक जणांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येत असल्याचे दिसले. जितकी वर्षे काम अधिक, तितका दोष अधिक, असाही संबंध आढळला.

८९ आणि १०६ या आकड्यांत फरक केवळ १७ चा आहे, मग त्यात एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. इथेच डेसिबलची गंमत आहे.

डेसिबल म्हणजे बेरजेच्या वेषातील गुणाकार

निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल अशा ध्वनीची तीव्रता एका चौरस मीटरला एका वॅटचा एक लाख-कोटीवा भाग एवढी धरतात. हे झाले शून्य डेसिबल. जो ध्वनी ऐकताना कानाला त्रास होऊ लागतो, त्याची तीव्रता चौरस मीटरला १ वॅटच्या आसपास असते. म्हणजे आपला कान एकापासून एक लाख कोटीपर्यंतचा पल्ला सांभाळतो. एवढे मोठे आकडे रोज कोण लिहीत बसणार? म्हणून शास्त्रज्ञांनी लॉगॅरिथमची युक्ती वापरली. तीव्रता १० पट झाली की पातळीत १० मिळवायचे. १०० पट झाली की २०, १००० पट झाली की ३०. या हिशेबाने १ वॅट म्हणजे १२० डेसिबल. ‘बेल’ हे नाव टेलिफोनचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्यावरून आले. त्याची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता एक लहान उदाहरण घेऊ. एका जिनमुळे कामगाराच्या कानापाशी ८५ डेसिबल आवाज होतो असे समजा. तेवढ्याच अंतरावर तसाच दुसरा जिन सुरू केला, तर आवाज १७० डेसिबल होईल का? मुळीच नाही. तीव्रता दुप्पट झाली, आणि २ चा लॉगॅरिथम सुमारे ०.३ आहे. म्हणून पातळी ३ डेसिबलने वाढून ८८ होईल. असे १० जिन सुरू केले तर ती ९५ होईल. कानाला मात्र १० पट आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा भासतो. म्हणजे धोका १० पट वाढला, तरी आपला अंदाज दुपटीपुरताच राहतो.

यावरून कामाच्या वेळेची मर्यादाही ठरवता येते. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांनी ८ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही सीमा धरली. ९५ असेल तर ४ तास, १०० असेल तर २ तास, आणि ११५ असेल तर फक्त पाव तास. अनेक तज्ज्ञांना ही सीमा सैल वाटते. ते ८ तासांसाठी ८५ डेसिबल धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करतात. कारण कानात शिरणारी एकूण ऊर्जा तेवढीच राहिली पाहिजे. या कडक मापाने १०६ डेसिबलमध्ये किती वेळ काम करता येईल? १०६ आणि ८५ यांत २१ डेसिबलचा फरक आहे. ३ चे असे ७ टप्पे होतात. ४८० मिनिटे ७ वेळा निम्मी करा. सुमारे ४ मिनिटे उरतात! आणि कामगार तर तिथे पूर्ण पाळीभर उभा असतो.

कानात काय बिघडते?

कर्णपटलावर ध्वनिलहरी आदळल्या की तो कंप पावतो. मध्यकर्णातील तीन इवली हाडे हे कंपन आतल्या शंखाच्या आकाराच्या नळीपर्यंत नेतात. या नळीत द्रव असतो आणि तिच्या लांबीभर एक पडदा ताणलेला असतो. उलगडला तर तो सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. त्यावर साधारण १५,००० केसपेशी रांगेने बसलेल्या असतात. नळीच्या तोंडाजवळच्या पेशी उंच सुरांना प्रतिसाद देतात, तर टोकाकडच्या खालच्या सुरांना. पडद्यावरून ही लहर कशी धावते हे ग्योर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वाऱ्याने उभे पीक लवावे तसे जोराच्या आवाजाने या पेशींवरील केस लवतात. वारा थोडा वेळ असेल तर पीक पुन्हा उभे राहते. म्हणून एखाद्या दिवशी पाळी संपल्यावर कानात दडे बसल्यासारखे होते, शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत बरे वाटते. कामगार समजतो, कान नीट झाला. परंतु रोज तोच प्रकार होत राहिला तर काही पेशी कायमच्या मरतात. कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या कानात अशा पेशी पुन्हा तयार होतात, हे १९८० नंतरच्या दशकात आढळले. माणसाच्या कानात मात्र एकदा गेलेली केसपेशी परत येत नाही. यात वेदना होत नाही आणि रक्तही येत नाही, म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही.

गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची एक ठरलेली खूण आहे. तो प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो. असे का? बाहेरच्या कानापासून कर्णपटलापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ती एका बाजूने बंद, एका बाजूने उघडी. अनुनादाच्या धड्यात तुम्ही शिकला आहात की अशा नळीच्या चौपट लांबीची लहर तिच्यात घुमते. चौपट म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता येते ३४०० हर्ट्‌झ. म्हणजे या सुरांच्या आसपासचा गोंगाट आपली कानाची नळीच वाढवून आत पाठवते. शिवाय जोराच्या आवाजाची इजा त्याच्या वारंवारतेपेक्षा थोड्या वरच्या जागी उमटते. म्हणून पहिला मार ४००० हर्ट्‌झपाशी बसतो.

बोलण्यातील स्वर मुख्यतः याच्या खाली असतात, पण ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने उंच सुरांत असतात. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. दुकानदार ‘साठ’ म्हणतो, त्याला ‘आठ’ ऐकू येते. घरच्यांना वाटते, यांचे लक्ष नसते. पुढे तो माणूस चारचौघांत बसणे टाळू लागतो. लग्नसमारंभात, ग्रामसभेत तो एका कडेला गप्प राहतो. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा भोंगा त्याला वेळेवर कळत नाही. नुकसान कानाचे झाले, पण किंमत सगळ्या आयुष्याला मोजावी लागते.

हा रोग काही आजचा नाही. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालून मठारकाम करणाऱ्या कारागिरांची ती वस्ती. ‘टुक्‌ टुक्‌’ आवाज करणाऱ्या पक्ष्यालाही आपण तांबट हेच नाव दिले आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी नेमके तांब्याच्या कारागिरांविषयी लिहून ठेवले होते की, सततच्या ठोक्यांनी त्यांचे कान बधिर होतात. १८८६ साली ग्लासगो येथे डॉ. टॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. त्यांपैकी एकाचेही ऐकणे निर्दोष आढळले नाही.

बोळा का हरतो?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कापूस मऊ आहे, जाड आहे, मग तो ध्वनी का अडवत नाही?

यासाठी ध्वनी शोषणे आणि ध्वनी अडवणे यांतील फरक ओळखला पाहिजे. कापूस म्हणजे तंतूंचे जाळे आणि मधे हवाच हवा. भिंतीवर अशा सच्छिद्र पदार्थाचा जाड थर दिला तर त्यावर आपटणारा ध्वनी काही प्रमाणात शोषला जातो आणि खोलीतील घुमणे कमी होते. परंतु कानातल्या लहानशा बोळ्यातून हवा आरपार जाते, आणि जिथून हवा जाते तिथून ध्वनीही जातो. अडवण्यासाठी हवाबंद आणि वजनदार आडोसा हवा. कोरड्या कापसाच्या बोळ्याने आवाज जेमतेम काही डेसिबलच उतरतो.

घरी एक प्रयोग करून पाहा. झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. तो टेबलावर नव्हे, तर टॉवेलच्या जाड घडीवर ठेवा, म्हणजे टेबल थरथरणार नाही. आत गजराचे घड्याळ वाजत ठेवा. प्रथम डब्याचे तोंड कापसाने झाका. मग कापूस काढून झाकण ठेवा, पण एका बाजूला काडी घालून थोडी फट राहू द्या. शेवटी काडी काढून झाकणाच्या कडेने भिजवलेली कणीक लिंपा. तिन्ही वेळा आवाज ऐका. कणीक लिंपल्यावर आवाज एकदम पडतो. झाकण तेच होते, फक्त फट बुजली.

फट किती महाग पडते याचे गणित पाहा. समजा, आडोशाच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी आहे. बाकीची भिंत कितीही जाड असली तरी ढोबळमानाने १ टक्का ऊर्जा आत शिरणारच. १ टक्का म्हणजे शंभरावा भाग, म्हणजे घट फक्त २० डेसिबल. किल्ल्याची तटबंदी बांधून दिंडी दरवाजा उघडा ठेवण्यासारखेच हे आहे.

म्हणून कानासाठी फोमचे इअरप्लग करतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर आवाज २० ते ३० डेसिबलने उतरू शकतो. अर्धवट खोचला तर कडेने फट राहते आणि तोही कापसाच्या बोळ्याच्या पंगतीला जाऊन बसतो. हात तेलकट किंवा धुळीने भरलेले असतील तर संपूर्ण कान झाकणारा इअरमफ बरा.

वेळेतील फट

फट केवळ जागेत नसते, ती वेळेतही असते. ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

समजा, शेडमध्ये १०० डेसिबल आवाज आहे आणि कामगाराचे प्लग ३० डेसिबल आवाज अडवतात. आठही तास घातले तर कानाला ७० डेसिबलच लागतील. उत्तम! पण घाम आला, बोलायचे होते, म्हणून त्याने एकूण १ तास ते काढून ठेवले. मग दिवसाचे संरक्षण किती? ३० चे सात-अष्टमांश, म्हणजे सुमारे २६, असे वाटते ना? चूक. त्या एका तासात पूर्ण १०० डेसिबलची ऊर्जा कानात गेली. ती दिवसभराच्या ऊर्जेचा आठवा भाग झाली. आठवा भाग म्हणजे घट फक्त ९ डेसिबल. म्हणजे तो दिवसभर ९१ डेसिबलमध्ये काम केल्यासारखाच झाला. अर्धा दिवस काढले तर संरक्षण उरते अवघे ३ डेसिबल! सात तास केलेली काळजी एका तासाने जवळजवळ धुऊन टाकली.

शहाणा वाचक विचारील, प्लग घातल्यावर मुकादमाची हाक किंवा यंत्राचा बिघडलेला सूर कसा कळणार? प्लग हाक आणि गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करतो. त्यामुळे त्यांचे आपापसातील प्रमाण बदलत नाही. निरोगी कानाच्या माणसाला मोठ्या गोंगाटात प्लग घालूनही बोलणे तेवढेच, कधी कधी अधिक स्पष्ट कळते. कडक उन्हात काळा चष्मा घातल्यावर जसे बरे दिसते तसे. ज्याचे ऐकणे आधीच कमी झाले आहे त्याला मात्र अडचण येते. त्यासाठी धोक्याची सूचना दिव्याच्या उघडझापेनेही दिली पाहिजे.

कान शेवटी, यंत्र आधी

प्लग हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय यंत्रापाशीच करायचा. झिजलेले बेअरिंग बदलणे, वेळेवर वंगण घालणे, सैल पत्रे आवळणे, सुऱ्यांची जुळणी नीट ठेवणे, यंत्राखाली रबराच्या गाद्या बसवणे. १० डेसिबल उतरले की तीव्रता दहाव्या हिश्शावर येते, हे आता तुम्ही जाणताच.

दुसरा उपाय मधल्या वाटेवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबलने उतरते. शेडमध्ये प्रतिध्वनींमुळे तेवढी उतरत नाही. म्हणून पंखे आणि मोटारी भिंतीपलीकडे ठेवाव्यात, छताखाली ध्वनी शोषणारा थर द्यावा. जिनिंगमध्ये आगीची भीती मोठी असते. म्हणून हा थर कापसाचा नव्हे, तर काचेच्या किंवा दगडी लोकरीचा असावा. पाळी वाटून घेऊन प्रत्येकाचा गोंगाटातील वेळ कमी करता येतो. आणि हंगामाच्या आरंभी व शेवटी प्रत्येकाची श्रवणचाचणी झाली तर ४००० हर्ट्‌झपाशी पडू लागलेला खड्डा लवकर दिसतो.

कायद्यालाही हा रोग ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद सरकारला कळवण्याच्या रोगांमध्ये होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ती आहे. तरी एक उणीव राहते. कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येतील पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाने त्या विम्याबाहेरच ठेवले. जो माणूस चार-सहा महिने यंत्रापाशी उभा राहतो आणि मग शेताकडे परततो, त्याचा कान तपासायला ठरलेला दवाखाना नाही. म्हणून त्याने स्वतः आणि त्याच्या घरच्यांनी हे गणित जाणून घेणे अधिकच गरजेचे आहे.

एक साधी कसोटी सांगतो. तिला यंत्र लागत नाही. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलण्यासाठी ओरडावे लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे. ही कसोटी जिनिंगला लागू आहे, तशीच गावच्या पिठाच्या गिरणीला आणि मळणी यंत्रालाही आहे. घरी कोणी अशा ठिकाणी काम करत असेल तर विचारा: संध्याकाळी कानात शिट्टी वाजते का? दडे बसतात का? ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत घोटाळा होतो का? उत्तर ‘हो’ आले तर सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्यांना घेऊन जा, आणि पुढच्या पाळीआधी प्लग कसा बसवायचा हे स्वतः करून दाखवा. गेलेली केसपेशी परत आणण्याची विद्या अजून डॉक्टरांच्या हाती आलेली नाही. असलेली राखण्याची विद्या मात्र तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे.